पत्र्याचा हात

घाटावरून ट्रक येतो पेंढ्याचा.
आमच्या खाचरांत कमरेएवढं रान माजलंय,
तेव्हा भाताचं काड विकत घ्यायचं
आणि गुरांच्या अंगाखाली घालायचं,
हे ऐकून सासरे दोन दिवस
जेवताना कुणाशी बोलले नाहीत.

सोळा म्हशी, चार गाई. रोजचे नऊ भारे.
वही माझ्याकडे.
तीत ‘अंथरूण’ असा रकाना मी स्वतः आखला,
कारण नुसतं ‘पेंढा’ लिहिलं
की तो वैरणीत मिसळून जायचा
आणि तोटा हाती लागायचा नाही.

निजाम परकार जेटीवर बोटींची इंजिनं खोलतो.
त्याने आंब्यावरच्या फवाऱ्याचा जुना पंखा,
बर्फाच्या कारखान्यातून मोडीत निघालेली जाळी
आणि कुणाच्या तरी स्कूटरची दोन चाकं जोडून
एक जनावर उभं केलं.
वरून भारा सोडायचा, आत पाती त्याला कातरतात,
आणि सोंडेतून काड उडतं
भुरूभुरू,
खाली बसतं चार बोटं जाड,
कुठे ढीग नाही, कुठे उघडी फरशी नाही.

पहिल्या दिवशी म्हशी दाव्याला हिसडे देत उभ्याच राहिल्या.
दुसऱ्या दिवशी शिंकल्या.
पाचव्या दिवशी घरघर ऐकून
पुढचे गुडघे मुडपायला लागल्या.
नवाचे साडेपाच झाले.
मी बेरीज दोनदा केली.

भागी झोरे खांबाला टेकून बघत होती.
अकरा वर्षं तिने हे काम कवेने केलं.
तिची कव म्हणजे माप:
गाभणीला दीड,
खूर दुखतंय तिला मागल्या पायांशी मूठभर जास्त,
दारातल्या चंद्रीला अर्धी,
कारण चंद्री खाऊनच टाकते.
यंत्राला चंद्री ठाऊक नाही.
त्याला सगळ्या सारख्या,
आणि मला वाटलं होतं, हाच त्याचा गुण.

आठव्या दिवशी ती पुढे आली.
सोंडेच्या तोंडाशी तळहात आडवा धरला.
काड वळलं.
बोटं किंचित मिटली, धार बारीक झाली,
आणि गाभण पोवळीच्या कुशीखाली
जाऊन साचली अलगद.
संध्याकाळी पायरीवर बसून
ती ओरखड्यांना खोबरेल चोळत होती.
‘जळजळतं?’ विचारलं.
‘मीठ लागलं तर,’ म्हणाली.

निजाम दुसऱ्या दिवशी पत्रा घेऊन आला.
‘ठेव हात.’
भागीने ठेवला. त्याने खडूने रेघ ओढली
मनगटापासून, प्रत्येक बोटाच्या आतून बाहेरून.
बोटांची काही गरज नव्हती,
साधा चौकोन चालला असता,
पण त्याने पाचही कापली,
कानशीने धार मारली,
आणि सोंडेला बिजागरीवर बसवला तो हात.
आता दोरी ओढली की वळतो.
दोरी भागीकडे.

मग एका दुपारी, शेण भरता भरता:
‘वयनी, दिसाला साडेतीन भारं वाचतात.
त्यात माजं किती?’

मी उत्तर दिलं नाही लगेच.
वहीच्या मागल्या पानावर शिसपेन्सिलीने
मी आधीच एक हिशेब मांडला होता,
तिच्या सकाळच्या दोन तासांचा,
आता लागणार नाहीत म्हणून.
तो मी रात्री खोडला.
खोडल्यावरही कागदावर बोट फिरवलं
तर आकडा लागतो.

‘एका भाऱ्याचे पैसे,’ मी म्हटलं.
‘दीड,’ ती म्हणाली,
‘मी गाभणीला देते तेवडं.’

दीड.

कालपासून वीज नाही.
सोंड गप्प, पत्र्याचा हात
अंधारात उघडाच राहिलाय, काही मागितल्यासारखा.
भागी कव भरून येते, जाते.
आज नऊ लागतील.

आणि चंद्री, यंत्र असो नसो,
मान वळवून आपलं अंथरूण खाते आहे
सावकाश, डोळे अर्धे मिटून.
तेवढं मी वैरणीत लिहिते.